केशोरावांचं पथ्य

केशोरावांच्या लघवीला मुंग्या लागल्या, तेव्हा नागपूरच्या गोऱ्या डॉक्टरनं भात, गूळ बंद करून अंडी-मासोळ्यांवर ठेवलं. धान पिकवणाऱ्या दवनीवाडा गावात ही जन्मठेपच, आणि जेलर बायको, शामकला. तिनं तांदळाच्या कोठीला कुलूप घातलं, म्हणूनच केशोराव सहा वर्षं टिकले. शेवटच्या दिवशी त्यांनी मूठभर भात मागितला. तिनं दिला नाही. आता दहाव्याला तलावाच्या पाळीवर भाताचा पिंड मांडला, तर कावळा शिवेना. "बा, मायले जपीन," लेकानं वचन दिलं. कावळा ढिम्म. "बुढा अजून पथ्यावर हाये," कोणीतरी कुजबुजलं. नवरा उपाशी अडकला तर दोष शामकलाचा. तेवढ्यात कावळा पिंडाशी उतरला. ती हात जोडून पुढं आली, तसा दचकून उडाला. तिनं पाठ फिरवली. "खा जी, मी पाहून नाही राहिली." मागं पिंडावर पंख फडफडले.