अंगातली उष्णता

साळूच्या मानेतल्या गाठीचा तुकडा डॉक्टरांनी पुण्याला तपासायला पाठवला होता. रिपोर्ट इंग्रजीत आला. त्यात कार्सिनोमा असा शब्द होता. कोल्हारच्या थॉमस मास्तरांनी मला बाजूला घेऊन त्याचा अर्थ सांगितला, कॅन्सर.

घरी आल्यावर साळूनं विचारलं, "अवो, काय लिव्हलंय कागदात?"

"कार्सिनोमा. म्हंजी अंगातली उष्णता. उतरंल."

"उष्णतेला येवढं लांबडं नाव?"

"इंग्रजीत असंच असतंय."

दुसऱ्या दिवशी तिनं मला चुलीपुढं बसवलं. "भाकरी शिकून घ्या. मी माहेरी गेल्यावर काय खाल?"

"किती दिस ऱ्हाणार हायेस?"

"उष्णता उतरंस्तोवर."

मी हसलो. माझं खोटं पचलं असं वाटलं. पुढं दोन महिने माझ्या भाकऱ्या तुटत राहिल्या आणि ती नावं ठेवत राहिली.

आता साळू नाही. आज माझी भाकरी पहिल्यांदा टम्म फुगली. साळूच्या आजाराआधीच तिचा भाऊ वारला, तेव्हापासून माहेरच्या घराला कुलूप आहे. त्याची किल्ली साळूनंच चुलीमागच्या खिळ्याला अडकवली होती. भाकरी थापताना ती किल्ली रोज माझ्या समोर असायची.