उंबऱ्यावरचा रुमाल

इफिस शहरात तेव्हा एका उपदेशकाच्या चमत्कारांचीच चर्चा होती. त्याचा घाम पुसायचा रुमाल अंगावर ठेवला, की आजारी माणूस उठून बसायचा. रुमाल घरोघर फिरत होता.

माझी निसा नऊ दिवस तापाने फणफणत होती. शेजारच्या अम्मियाताई म्हणाल्या होत्या, "दुपारपर्यंत आणून देते."

दुपारी उंबऱ्यावर रुमाल दिसला, घामाने ओला. मी तो निसाच्या कपाळावर ठेवला. ताप झरझर उतरला. पोरगी उठून भाकरी मागू लागली. मी रडत रडत प्रभूचे आभार मानले.

तेवढ्यात अम्मियाताई धापा टाकत आल्या. "अगं, उशीर झाला बाई! तीन घरं पालथी घातली, तेव्हा कुठे मिळाला." त्यांच्या हातात रुमाल होता.

मी उशाशी पडलेल्या रुमालाकडे बोट दाखवलं.

"मग हा कुणाचा गं?"

मी तो उचलला. मघापेक्षा तो जास्त ओला होता, आणि विहिरीतल्या दगडासारखा गार.

निसा भाकरी चावत रिकाम्या कोपऱ्याकडे बघत होती.

"आई, दे ना तो इकडे," ती म्हणाली. "ते म्हणतात, मीच नेऊन द्यायचाय."