भिंतीपलीकडचा सर्व्हर

“दिसला का, विचार त्याले,” कॉम्प्युटरवरची नजर न काढता दादाजीनं बायकोला फर्मावलं.

इंदुताई उठल्या. प्रेसमधून बाहेर, पायरी उतरून शेजारच्या फोटो स्टुडिओत. तिथं त्यांचा धाकटा दीर लच्छू बसला होता. त्यानं नुसती मान हलवली. इंदुताई परत आल्या नि नाही म्हणून सांगितलं. सकाळपासूनची ही सातवी फेरी.

मूल गावच्या बाजारातली ही दोन दुकानं पूर्वी एकच होती. कटिंग मशीन कुणाच्या वाट्याला, यावरून सख्ख्या भावांचं बिनसलं आणि मधे भिंत आली. तीन वर्षं बोलणं बंद. पण धंदा कुठं बंद ठेवता येतो? लग्नाच्या पत्रिकांवर आता नवरा-नवरीचे फोटो लागत. फोटो लच्छूकडे, छपाई दादाजीकडे, आणि मधे सीड्या घेऊन धावायला इंदुताई. त्यांच्या गुडघ्यांनी कधीच हात टेकले होते. म्हणून त्यांनीच हट्टानं दोन्ही दुकानांचे कॉम्प्युटर जोडायला चंद्रपूरहून रईस मेकॅनिकला बोलावलं होतं.

रईसनं भिंतीला भोक पाडून वायर ओढली. पण दोन्हीकडची नेटवर्कं वेगळी. प्रत्येक कॉम्प्युटर आपलं नाव आपल्याच गल्लीत ओरडतो, पलीकडे ऐकू जात नाही, असं त्याचं म्हणणं. मग त्यानं सगळ्यांचे नाव-पत्ते सांगणारा एक कॉम्प्युटर नेमला, आणि पत्रिका साठवलेला दादाजीचा मुख्य कॉम्प्युटर, म्हणजे सर्व्हर, लच्छूला दिसतो का, ते पाहणं सुरू झालं.

आठव्यांदा हुकूम सुटला तेव्हा इंदुताईंनी स्टुलावर बसकण मारली.

“भोक हाय ना भिंतीले. आपल्या तोंडानं विचारा. मी नाई जात.”

दादाजी बराच घुटमळला. शेवटी खाकरला, वाकला आणि भोकाला तोंड लावून विचारलं, “दिसून राह्यला का?”

पलीकडे खुर्ची सरकली. मग आवाज आला, “नाई.”

रईसनं सेटिंग बदललं. पुन्हा प्रश्न, पुन्हा नाही. चौथ्या खेपेला त्या नाहीला ‘भाऊ’ जोडला गेला. मधल्या वेळेत आईच्या मोतीबिंदूचा विषय निघाला. कटिंग मशीनचं पातं बोथट झालंय, हेही दादाजीनं कबूल करून टाकलं. इंदुताईंना भरून आलं.

रईस मात्र रडकुंडीला आला. सगळं तपासून झालं, तरी पलीकडून नन्नाचा पाढा. चंद्रपूरची पाचची गाडीही गेली. आपल्याला हे काम येतच नाही, असं त्याला वाटायला लागलं.

इंदुताई चहाचा कप घेऊन लच्छूकडे गेल्या आणि दारातच थबकल्या. त्याच्या कॉम्प्युटरवर दादाजीचा सर्व्हर ठळक दिसत होता. एवढंच नव्हे, तर आतल्या पत्रिका उघडून तो निवांत चाळत बसला होता.

वहिनीला पाहून त्यानं ओठांवर बोट ठेवलं, भोकाशी वाकला आणि म्हणाला, “नाई भाऊ, अजून नाई. आणखी एकदा विचारून पाह्य.”