शीअरचे अर्थ

“मास्तर, ह्या लफ्जाचा मतलब काय?” अमीनसाहेबांनी चिठ्ठीवर बोट ठेवलं.

रेणुकादास मास्तरांनी चष्मा सारखा केला. नांदेडात आपल्याइतकं इंग्रजी कुणाला येत नाही, असं ते स्वतःच सांगत. म्हणून तर पोलीस अमीनांच्या, म्हणजे फौजदारांच्या, कचेरीतून त्यांना बोलावणं आलं होतं.

“शीअर,” ते म्हणाले.

समोरच्या बाकावर कन्याशाळेच्या सरोजिनीबाई बसल्या होत्या. त्यांच्या शाळेतल्या चार मुलींनी कचेरीवर तिरंगा लावला आणि त्या पसार झाल्या, त्याला आठ दिवस झाले होते. निजामाचे शिपाई घरोघर शोधत होते. आज बाईंच्या पिशवीत ही इंग्रजी चिठ्ठी सापडली. दारात दोन जवान उभे होते.

“सगळं वाचा.”

“‘शुक्रवारी संध्याकाळी. शीअर असेल तीच बरी. चारही पाठवा.’ साड्यांचं आहे, साहेब. शीअर म्हणजे तलम. आरपार दिसेल इतकी.”

“दुसरा मतलब?”

“आहे की! निव्वळ. शीअर लक म्हणजे निव्वळ नशीब. शीअर नॉनसेन्स म्हणजे निव्वळ मूर्खपणा. बोलण्याला जोर येतो त्यानं.” मास्तर वर्गात असल्यासारखे रंगात आले. “पण नशीब काही कुणी चार-चार पाठवत नाही!”

जवान हसले. अमीन हसले नाहीत.

“अजून?”

“संपलं. पंचवीस वर्षं शिकवतोय मी.”

अमीनांनी बाईंकडे पाहिलं. “साड्या कशाला?”

“भाचीचं लग्न आहे, पैनगंगेपलीकडे उमरखेडला,” बाई शांतपणे म्हणाल्या.

अमीनांनी चिठ्ठी घडी करून परत दिली. एका जवानाला टांगा आणायला धाडलं, दुसऱ्याला चहा सांगायला. दोघं फाटकाबाहेर जाईपर्यंत ते खिडकीशी उभे राहिले. मग वळले.

“शीअर म्हणजे ताठ उभी, मास्तर. पैनगंगेच्या दरडीसारखी. हे तुम्हाला चांगलं ठाऊक आहे.”

मास्तरांनी चष्मा काढून हातात घेतला. बाईंनी बाकाची कड घट्ट धरली.

“शुक्रवारी त्या दरडीवरचा पहारा मी उठवतोय,” अमीन हलक्या आवाजात म्हणाले. “निजामाच्या हद्दीपलीकडे नेणाऱ्या नावेत माझ्या लेकीला मधोमध बसवा. तिला पाण्याची भीती वाटते.”