चाचणीची नोंद

प्रतीक्षा कुसगावातल्या घरी बसून वेबसाइट बनवायची. आंदर मावळातल्या अनितामावशींना त्यांच्या घरी पाहुणे ठेवायचे होते, त्यांच्या वेबसाइटचं काम चालू होतं. ती तिकडे कधी गेली नव्हती. घराचे फोटो मावशींनी फोनवर पाठवले होते.

सकाळी तिने बुकिंगचा फॉर्म तपासला. नाव प्रतीक्षा, माणसं एक, तारीख आजची. निरोपाची जागा रिकामी ठेवली. नोंद झाली, तशी तिने ती पुसून टाकली. साइट अजून तिच्या लॅपटॉपबाहेर गेलेली नव्हती.

दहा मिनिटांनी नोंद परत दिसली. निरोपात लिहिलं होतं, ‘कामशेत सोडलं.’

आपणच चुकून काही टाइप केलं असेल, असं म्हणून तिने ती पुसली. मग सगळा कोड वरपासून खालपर्यंत वाचला. चूक सापडली नाही.

‘टाकव्याचा पूल ओलांडला.’ साइटवर मावशींच्या घरी यायची वाट तिने हीच लिहिली होती.

तिने वायफाय बंद केलं. नोंदींची यादीच रिकामी केली आणि चहा ठेवायला उठली. परत आली तेव्हा यादीत एकच ओळ होती.

‘घर दिसतंय.’

तिने मावशींना फोन लावला.

“मावशी, मी प्रतीक्षा. तुमच्याकडे कुणी आलंय का?”

“आगं, तूच न्हाई का आलीस आत्ता? मोरीवर हातपाय धुतीयस न्हवं? मग फोन कुठनं करतीस?”



फोनमध्ये लांबून प्रतीक्षाचा स्वतःचाच आवाज आला, “मावशी, कुणाचा फोन?”