लोखंडी चाकं

हेलेना लेकाच्या बुटांवरचा चिखल खरवडत होती. सकाळी ओल्या उतारावर ट्रॅक्टर उलटला आणि एकोणीस वर्षांचा आब्राम त्याखाली चिरडून गेला.

लोखंडी चाकं तिथं घसरतात, म्हणून पठ्ठ्यानं मागच्या वर्षी रबरी टायर बसवले होते. पण मेनोनाइट पंथाच्या त्या वस्तीत टायर म्हणजे पाप. टायर आले की पोरं शहराकडे पळतात म्हणे! पाद्र्यानं त्याला भर चर्चमध्ये गुडघे टेकायला लावले आणि टायर काढून पुन्हा लोखंडी चाकं बसवायला लावली.

आता तोच पाद्री शहरातल्या टॅक्सीतून उतरला. भाड्यानं घेतली की पाप लागत नाही! “देवाची इच्छा, हेलेना,” तो तोंड पाडून म्हणाला.

हेलेनानं बूट खाली ठेवला.

“देवाची इच्छा लोखंडी चाकांवर आली, पाद्रीबाबा. तुम्ही बरे टायरवर आलात!”