सलोमीची कोंबडी

कापणीच्या सणाला मंडळीतला जो तो काहीतरी वाहतो, मग त्या वस्तूंचा लिलाव होतो आणि पैसा चर्चच्या वसतिगृहातल्या अनाथ पोरींना जातो. यंदा वसतिगृहातल्या सलोमीनंही पिल्लापासून वाढवलेली कोंबडी वाहिली. तिच्याकडं दुसरं होतंच काय. क्रांती चौकात दुकान असलेल्या शिरसाठ अंकलनी सगळ्यांवर बोली चढवून ती घेतली. म्हणाले, "ही आमच्याकडून परत वसतिगृहालाच." टाळ्या वाजल्या. सलोमीचा जीव भांड्यात पडला. ती पळत गेली, खुराड्यात मूठभर मका टाकला आणि वाट बघत बसली.

जेवणाची घंटा झाली. पोरींच्या ताटात रस्सा आला.

"कोंबडी तुझीच होती ना, सलोमी," मेट्रनबाई मायेनं म्हणाल्या, "मग अंकलच्या आभाराची प्रार्थना तूच कर."